चव्वेचाळीस किलो

"आधी दाराला कडी लाव," कस्तुरी म्हणाली.

मी कडी लावली. लातूरच्या ज्या शाळेत आमची उतरायची सोय केली होती, तिथला सातवी 'ब'चा वर्ग होता तो. बाकं भिंतीला लावून आम्ही मुलींनी खाली सतरंज्या पसरल्या होत्या. बाकीच्या मुली जेवणाच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या होत्या. वर्गात आम्ही दोघीच, आणि कोपऱ्यात आप्पांचा काटा.

आप्पा म्हणजे माझे वडील. इचलकरंजीत मुलींना वेटलिफ्टिंग शिकवणारे ते एकटेच होते. मुलींनी वजन उचलायचं म्हटलं की बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, त्या दिवसांत त्यांनी सुताच्या एका रिकाम्या गोडाऊनमध्ये आम्हा सहाजणींना बार धरायला शिकवलं. परक्या गावच्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून सूत तोलायचा आपला जुना लोखंडी काटा त्यांनी एसटीच्या टपावर, पोत्यात गुंडाळून आणला होता. खाली चौकोनी फळी, मागं उभा खांब, खांबाला आडवा दांडा. दांड्यावरचं वजन सरकवत न्यायचं, दांडा तरंगला की आकडा वाचायचा. मुलींचं वजन करताना अंगावर नावापुरते कपडे ठेवावे लागतात, म्हणून आप्पा खोलीत थांबत नसत. आकडा वाचायचं काम वर्षभर माझ्याकडंच होतं.

कस्तुरी फळीवर चढली ती नेहमीसारखी खांबाकडं पाठ करून. तोंड दाराकडं, नजर कडीवर, छातीशी टॉवेल.

"कुणीतरी येईल गं. बघ की लवकर."

"हलू नको."

मी वजन सरकवलं. दांडा वर गेला, खाली आला, थरथरत मधोमध थांबला.

"किती?"

"त्रेचाळीस सातशे," मी म्हणाले.

"शप्पथ?"

"शप्पथ. जेव आता पोटभर."

तिनं तिथंच फळीवर उडी मारली, तसा काटा खणखणला. आम्ही दोघी चव्वेचाळीस किलोच्या गटात होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी स्पर्धेच्या काट्यावर चव्वेचाळीसच्या वर भरलं, तर उतरताच येणार नव्हतं. तीन दिवस ती अर्ध्या भाकरीवर होती. एसटीत मी शेंगदाण्याचा लाडू खात होते, तेव्हा ती खिडकीबाहेर बघत बसली होती.

बाहेर व्हरांड्यात आप्पा वाट बघत होते. आकडा ऐकून त्यांचा चेहरा उजळला.

"सातशे? मग काय! जेव पोरी. उद्या अंगात ताकद पायजे."

त्यांनी स्वतः तिच्या ताटात भात वाढला. तिनं तीनदा भात घेतला, आमटी ओरपली, दोन केळी खाल्ली आणि तांब्याभर पाणी प्यायली. खाताना ती मध्येमध्ये माझ्याकडं बघून हसायची.

कस्तुरी हावळ आमच्या गल्लीच्या मागच्या बाजूला राहायची. ती नऊ वर्षांची असताना तिची आई काविळीनं गेली. वडील मागावर होते. यंत्रमागाच्या खडखडाटानं त्यांना ऐकू येईनासं झालं होतं आणि उजव्या हाताची तीन बोटं पट्ट्यात गेली होती. पाठीवर दोन भाऊ. ती पहाटे उठून कांड्या भरायला जायची, म्हणजे मागाच्या धोट्यात घालायच्या छोट्या कांड्यांवर सूत गुंडाळायचं काम. तिथून शाळा, शाळेतून घरी येऊन स्वयंपाक, मग गोडाऊन. भरलेल्या कांड्यांचे क्रेट ती दोन दोन एकावर एक ठेवून जिन्यावरून न्यायची. आप्पांनी तिला तिथंच पाहिलं. घरी येऊन आईला म्हणाले, "त्या पोरीची पाठ बघितलीस? बाभळीच्या खोडासारखी हाय."

तिच्याकडं स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, तिचे केस. गुडघ्याच्या वर वीतभर येईल एवढी वेणी. आईचेही तसेच होते म्हणे. रविवारी ती शिकेकाईनं न्हाऊन माळवदावर केस वाळवत बसली की शेजारच्या बायका काम टाकून बघायच्या. सराव करताना ती वेणी डोक्याभोवती गुंडाळून वर फडकं बांधायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता वजनं सुरू झाली. क्रीडासंकुलाच्या एका खोलीत दोन बाई पंच बसल्या होत्या. आधी माझं नाव पुकारलं. त्रेचाळीस किलो सहाशे. मग कस्तुरीचं.

थोरल्या पंचबाईंनी चष्मा सावरून आकडा पुन्हा बघितला.

"चव्वेचाळीस सातशे."

"न्हाई बाई," कस्तुरी म्हणाली. "चुकलं असेल. काल त्रेचाळीस होतं."

"उतर. परत चढ."

ती उतरली, परत चढली. चव्वेचाळीस सातशे.

"नऊ वाजेपर्यंत वेळ आहे," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तोवर कितीही वेळा ये. नऊनंतर मला काही करता येणार नाही."

बाहेर आप्पांना सांगितलं तेव्हा त्यांना खरंच वाटेना. त्यांनी माझ्याकडं बघितलं, कस्तुरीकडं बघितलं. मग कपाळावर हात मारला.

"माझा काटा! एसटीच्या धक्क्यानं बिघडला असणार. माझीच अक्कल गेली." पण पुढच्याच क्षणी ते भानावर आले. "बाकीच्या पोरींचे स्वेटर आणा. सगळे. पळ कस्तुरी."

मार्चचं ऊन होतं. कस्तुरीनं एकावर एक चार स्वेटर घातले, वर आप्पांची कानटोपी, आणि ती मैदानाला चकरा मारायला लागली. आप्पा घड्याळ धरून मधे उभे. ती दोरीवरच्या उड्या मारी, परत पळे, थुंके, परत पळे. तोंडाला थुंकीही येईनाशी झाली तेव्हा आप्पांनी तिला चिंच चघळायला दिली आणि म्हणाले, "गिळू नको. थुंक." ती वाकून थुंकत राहिली. तिच्या हनुवटीवरून घाम टपटप पडत होता. मी पाण्याची बाटली घेऊन कडेला उभी होते. ती तिला द्यायची नव्हती.

साडेआठला चव्वेचाळीस चारशे. पावणेनऊला चव्वेचाळीस दोनशे. पुन्हा पळाली. आठ बावन्नला चव्वेचाळीस एकशे साठ. आता अंगातून काही निघत नव्हतं. कातडी कोरडी पडली होती, ओठ पांढरे झाले होते. ती वजनाच्या खोलीच्या आतल्या बाजूला भिंतीला टेकून खाली बसली.

दाराबाहेरून आप्पांचा आवाज आला. "कस्तुरी! आठ मिनिटं!"

तिनं डोळे मिटले. मग डोक्यावरचं फडकं सोडलं. वेणी खांद्यावरून तिच्या मांडीत पडली.

"वैजू," ती म्हणाली, "कात्री बघ."

मला कळलं नाही, असं मी दाखवलं.

"कात्री बघ म्हटलं. वेळ न्हाई."

प्रथमोपचाराच्या पेटीत कात्री होती, पट्टी कापायची, पुढं बोथट असलेली. पंचबाईंनी ती काढून दिली आणि कस्तुरीला विचारलं, "मुली, घरी विचारलंस का? पुढच्या वर्षीही स्पर्धा आहे."

"पुढच्या वर्षी मला कोण पाठवतंय, बाई," कस्तुरी म्हणाली. मग बाईंनी कात्री तिच्यापुढं धरली, पण तिनं घेतली नाही. माझ्याकडं बोट केलं. "तिला द्या. तिच्याशिवाय कुणी हात लावायचा न्हाई."

ती माझ्याकडं पाठ करून बसली. मी वेणी मानेपाशी धरली. मुठीत मावत नव्हती. बोथट कात्रीनं केस तुटत नव्हते, चावल्यासारखे कुरतडले जात होते. एक पेड तुटला, मग दुसरा. मी थांबले की ती म्हणायची, "काप." वेणी माझ्या हातात आली तेव्हा ती इतकी जड होती की मी ती जमिनीवर टाकली नाही, हळूच ठेवली.

"अजून," कस्तुरी म्हणाली. "कानामागचे पण काढ."

मी काढले. जिथं हात पोचेल तिथले काढले. ती उठली, काट्यावर चढली. थोरल्या बाई पुढं झुकल्या.

"चव्वेचाळीस," त्या म्हणाल्या. "बरोबर चव्वेचाळीस." आणि त्यांनी घड्याळ बघायच्या आधी सही केली.

दोन तासांनी आम्ही मंचावर होतो. सरावात कस्तुरी माझ्यापेक्षा पंधरा किलो जास्त उचलायची. त्या दिवशी तिचे हात बारवर थरथरत होते. डोक्यावर कुरतडलेले केस, कुठं बोटभर तर कुठं टाळू दिसणारे. प्रेक्षकांतली मुलं हसली. तिनं वर बघितलं नाही. स्नॅचमध्ये, म्हणजे बार एका दमात डोक्यावर न्यायचा त्यात, पन्नास उचलले. मीही पन्नास. क्लीन अँड जर्कमध्ये, म्हणजे बार आधी छातीवर घेऊन मग डोक्यावर न्यायचा त्यात, तिनं पासष्ट उचलले, सत्तरला बार छातीपर्यंत आणला आणि गुडघ्यावर बसली. उठता येईना. बार पुढं टाकून ती तिथंच बसून राहिली, तेव्हा आप्पा पंचांची परवानगी न घेता मंचाच्या कडेपर्यंत धावले.

मी पासष्ट उचलले. बेरीज सारखीच झाली, एकशे पंधरा. आणि त्या वेळच्या नियमाप्रमाणे बेरीज सारखी असली की जिचं अंगाचं वजन कमी, ती वर. माझं चारशे ग्रॅमनं कमी होतं.

सुवर्णपदक मला मिळालं. कस्तुरीला रौप्य. गळ्यात पदक पडल्यावर तिनं मला मिठी मारली. तिच्या अंगाला चिंचेचा आणि घामाचा वास येत होता.

"बरं झालं," ती माझ्या कानाशी म्हणाली. "आपल्याच गोडाऊनला मिळालं."

इचलकरंजीला परतल्यावर आप्पा तिला घरी पोचवायला गेले. मलाही नेलं. तिचे वडील, बळवंतकाका, उंबऱ्यात बसले होते. त्यांनी पोरीच्या डोक्याकडं बघितलं. मग बहिऱ्या माणसांसारखं मोठ्यानं म्हणाले, "बाप जित्ता हाय अजून. पोरीचं डोकं कशापायी भादरलं?"

"बळवंतराव, चूक माझी," आप्पा ओरडून म्हणाले. "माझा काटा चुकला." आणि माझ्या वडिलांनी, ज्यांना गल्ली वाकून नमस्कार करायची, खाली बसून त्या माणसाच्या पायाला हात लावला.

बळवंतकाकांना ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक. त्यांनी पाय मागं घेतले. "हिच्या आईचं केस मी सरणावर बघितलं," ते म्हणाले. "आता बास तुमचा खेळ." कस्तुरी गोडाऊनला यायची बंद झाली.

त्यानंतर आठवडाभरानं आप्पांनी काटा हातगाडीवर घालून वजनमापे तपासायच्या कचेरीत नेला. संध्याकाळी परत आले. मी जेवत होते, आई वाढत होती. आप्पा पाटावर बसले आणि ताटाकडं बघत म्हणाले, "काटा बरोबर हाय. दहा ग्रॅमचापण फरक न्हाई."

आई म्हणाली, "मग हो?"

आप्पांनी भाकरी मोडायला घेतली. माझ्याकडं बघितलंही नाही. पण त्या दिवसानंतर त्यांनी मला कधी कुणाचा आकडा वाचायला सांगितलं नाही. मुलींची वजनं करायला ते शेजारच्या शिंपीणकाकूंना बोलवायला लागले.

त्या संध्याकाळी सातवी 'ब'च्या वर्गात दांडा चव्वेचाळीस किलो सहाशेवर थांबला होता. मी नीट वाचला होता. वाचला आणि नऊशे ग्रॅम कमी करून सांगितला.

तसं ठरवून आले होते असं नाही. एसटीत आप्पा सांगलीच्या एका प्रशिक्षकांच्या शेजारी बसले होते. मी मागच्या सीटवर डोळे मिटून पडले होते. ते प्रशिक्षक म्हणाले, "तुमची मुलगीपण आहे ना चव्वेचाळीसला?" आप्पा हसले. "हाय की. पण सोनं कस्तुरीचं. ती पोरगी देवानं घडवलीया. आमची वैजू कष्टाळू हाय, दुसरी येईल. तेवढं बास की." त्यात वाईट काहीच नव्हतं. आप्पा खरं तेच बोलले होते. खरं होतं म्हणूनच ते मला वाटभर टोचलं. आणि दांडा सहाशेवर थांबला, ती पाठमोरी उभी होती, तिनं विचारलं, "किती?" माझ्या तोंडून आकडा गेला. मला वाटलं होतं, ती बाद होईल, रडेल आणि पुढच्या वर्षी येईल. केसांचं माझ्या डोक्यातही नव्हतं. पण कात्री हातात आली तेव्हा आठ मिनिटं शिल्लक होती, आणि खरं सांगायला एक मिनिटही लागलं नसतं. त्यानं वजन कमी झालं नसतं हे खरं. पण मी सांगितलं नाही ते काही त्या कारणानं नव्हे.

त्या पदकावर मला क्रीडा वसतिगृहात जागा मिळाली. तिथं मी चार वर्षं राहिले, कधी पाचवी आले, कधी सातवी. पुढं खेळाडूंच्या कोट्यातून बँकेत लागले. मी सुट्टीला घरी यायचे तेव्हा आई सांगायची, आप्पा रोज सकाळी हावळांच्या दारात जाऊन बसतात. काही बोलत नाहीत. बळवंतकाका कामावर जायला निघाले की उठून नमस्कार करतात आणि परत येतात. दोन वर्षं. दोन वर्षांनी एका सकाळी बळवंतकाका म्हणाले, "ने बाबा. पोरीला ने. पर माझ्या दारात असा बसू नको."

कस्तुरी सतरा वर्षांची झाली होती. आप्पांनी बाकी मुलींचे वर्ग कमी केले आणि तिच्यामागं लागले. ती जिल्ह्यात पहिली आली, राज्यात आली, रेल्वेत लागली, देशाच्या संघात गेली. सव्विसाव्या वर्षी तिनं परदेशातल्या मोठ्या स्पर्धेत देशासाठी सुवर्णपदक घेतलं. आप्पा त्याच्या आदल्याच वर्षी गेले. शेवटच्या दिवसांत त्यांच्या उशाशी मी होते. त्यांनी एकदा माझा हात धरला, काहीतरी बोलणार असं वाटलं, मग म्हणाले, "पाणी दे."

पदकानंतर वर्तमानपत्रांत कस्तुरीची गोष्ट सगळीकडं छापून आली. कांड्या भरणारी मुलगी. आई नसलेली मुलगी. आणि प्रत्येक ठिकाणी ती वेणी. एकशे साठ ग्रॅमसाठी जिनं केस कापले, ती जिद्द. शाळांतून मुलांना ही गोष्ट सांगायला लागले. माझ्या बँकेतल्या शिपायानं मला ती वाचून दाखवली. त्यात एक वाक्य असायचंच: 'माझ्या मैत्रिणीनं कात्री धरली. ती नसती तर मी उभी राहिले नसते.'

गावात तिचा सत्कार झाला. नाट्यगृह गच्च भरलं होतं. मी आईला घेऊन मागच्या रांगेत बसले होते. कस्तुरी बोलायला उभी राहिली, केस मानेपर्यंत कापलेले, साधी निळी साडी. सरांचं, म्हणजे आप्पांचं, नाव घेतलं तेव्हा तिला थांबावं लागलं. मग म्हणाली, "आणि सरांची मुलगी इथंच कुठंतरी बसलीय. वैजू, वर ये."

लोक टाळ्या वाजवायला लागले. आईनं मला कोपरानं ढोसलं. मी उठले, मधल्या वाटेनं चालत गेले, पायऱ्या चढले. तिनं आपल्या गळ्यातला हार काढून माझ्या गळ्यात घातला. फोटो निघाले. मी हसले. हसताना माझे गाल दुखत होते, तरी मी हसत राहिले. त्या दिवशी मी पुन्हा एकदा गप्प बसले, आणि या वेळी मी पंधरा वर्षांची नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या घरी गेले. बळवंतकाका माळवदावर उन्हाला बसले होते. कस्तुरी स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होती. मला बघून सरकून जागा केली.

"चहा टाकते."

"नको. मला तुला एक सांगायचंय."

"सांग की."

मी उभ्या उभ्याच सांगितलं. बसले असते तर सांगता आलं नसतं. "सरांचा काटा चुकला नव्हता, कस्तुरी. आकडा मी खोटा सांगितला होता."

तिचे हात थांबले. तिनं विचारलं, "किती होतं?"

"चव्वेचाळीस सहाशे."

ती मनातल्या मनात काहीतरी मोजत होती. खेळाडू मोजतो तसं. "सहाशे," ती म्हणाली. "म्हणजे जेवले नसते, तर सकाळी आपोआप बसले असते. पळावंसुद्धा लागलं नसतं."

"हो."

"केस..."

"हो."

खाली मेथीच्या काड्यांचा ढीग होता. ती त्याच्याकडं बघत राहिली.

"कापताना तू रडत होतीस," ती म्हणाली. "माझ्या मानेवर पाणी पडत होतं. मी पाठमोरी होते, पण कळत होतं. मला वाटलं, आई गेल्यावर पहिल्यांदा कुणीतरी माझ्या केसांसाठी रडतंय. इतकी वर्षं मी तेवढंच धरून होते, वैजू. मंचावर चढायच्या आधी डोळे मिटते ना, तेव्हा ते पाणी आठवतं."

मी तिथंच खाली बसले.

"सरांना माहीत होतं?"

"मला वाटतं, होतं. काटा तपासून आणला होता त्यांनी. मला कधी विचारलं नाही."

तिनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. "म्हणजे ते दोन वर्षं आमच्या दारात बसले, ते तुझी फेड करायला."

"नाही गं. आप्पा तुझ्यासाठीच..."

"राहू दे."

वर माळवदावरून बळवंतकाकांनी मोठ्यानं विचारलं, "कोण आलंय गं?"

तिनं पुन्हा मेथीची एक जुडी सोडली, पानं खुडायला लागली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "हे मला आता कशाला सांगितलंस?"

वाटेत मी याचं उत्तर तयार करून आले होते. तुला खरं कळायला हवं, तो तुझा हक्क आहे, असलं काहीतरी. तिच्यासमोर ते ओठावर आलं नाही. मला हलकं व्हायचं होतं, म्हणून सांगितलं होतं. अकरा वर्षं मी जे वाहिलं ते तिच्यापुढं आणून टाकलं होतं, आणि त्याबरोबर तिच्याजवळच्या दोन चांगल्या आठवणी उचलून न्यायला निघाले होते. तिच्याकडं तशा आठवणी फार नव्हत्या.

"जाते मी," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. दारापर्यंत आली नाही.

सहा-सात महिन्यांनी आईनं मला हाक मारली. "वैजे, लवकर ये. कस्तुरी लागलीय टीव्हीवर."

मुलाखत चालू होती. घेणारी मुलगी तरुण होती, उत्साहात पुढं सरकून बसली होती. "मॅडम, तो वेणीचा प्रसंग आमच्या प्रेक्षकांना तुमच्या तोंडून ऐकायचाय. तुमच्या मैत्रिणीनं..."

"मैत्रीण नव्हती," कस्तुरी शांतपणे म्हणाली. "लोक तसं सांगतात. केस मीच कापले. बोथट कात्री होती, वेळ लागला. पण माझ्या हातानं कापले."

"आणि तुमचे प्रशिक्षक?"

"सर बाहेर उभे होते," ती म्हणाली. "मला हाका मारत होते."

आई टीव्हीकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघत राहिली. तिनं ही गोष्ट गल्लीत शंभर वेळा सांगितली होती.

"असं काय बोलतीया गं ही?" आई म्हणाली. "कात्री तर तू धरलीवतीस न्हवं? तू हुतीस की तिच्याजवळ."

मी टीव्हीचा आवाज कमी केला.

"न्हाई आई," मी म्हणाले. "त्या खोलीत तिच्याजवळ कुणीच नव्हतं."